बाप्तिस्मा १८८३ साली, नवं जीवन आठ वर्षांनी: पंडिता रमाबाईंचं प्रकरण

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. सोबत त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. पण पुढे आपली साक्ष लिहायला बसल्या तेव्हा रमाबाईंनी स्पष्ट सांगितलं की त्या दिवशी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली.

रमाबाईंवर बोलताना आपण बहुतेक वेळा त्यांचं धर्मांतर, त्यावरून पुण्यात उठलेलं वादळ आणि केडगावच्या मुक्ती सदनाचं काम एवढ्यावर थांबतो. मला या आठ वर्षांचं महत्त्व फार वाटतं. मंडळीत असे कितीतरी जण आहेत ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, उपासना चुकत नाही, दानधर्मही चालू आहे, आणि तरी आत काहीच हललेलं नाही याची त्यांना खंत आहे. कोणाकडे बोलायची चोरी, कारण लोक म्हणतील, मग इतकी वर्षं करत काय होतास? रमाबाईंसारख्या विदुषीने ही गोष्ट लपवली नाही, म्हणून हे प्रकरण त्यांच्यासाठी नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

पुण्य जमवत गेलेलं बालपण

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि रानात बिऱ्हाड केलं. पुढे आर्थिक घडी विस्कटली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, त्यातलंही दान करायचं. आईकडून रमाबाईंनी हजारो श्लोक तोंडपाठ केले.

मग दुष्काळ आला. शास्त्रात सांगितलेलं सगळं करून झालं होतं: स्नानं, उपास, जप, ब्राह्मणभोजन. हाती होतं नव्हतं ते संपलं, मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले. बाकी खांदा भावाने आणि रमाबाईंनी दिला. स्मशान दूर होतं आणि रमाबाईंची उंची बेताची, त्यामुळे त्यांच्या वाट्याची बाजू त्यांना डोक्यावर घेऊन चालावं लागलं. पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या पायीच उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडी इतकी की पांघरायला काही नसल्याने दोघांनी वाळूत खड्डे केले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली.

हे सविस्तर सांगण्याचं कारण आहे. रमाबाईंचा जुन्या श्रद्धेवरचा विश्वास कुणा मिशनऱ्याच्या वादविवादाने उडाला नाही. सगळं यथासांग करूनही उत्तर आलं नाही, म्हणून तो विरत गेला. पण एक सवय मात्र मनात खोल रुजली: देव पावायचा तर आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे. ही सवय धर्म बदलल्याने आपोआप सुटत नाही. माझ्या मते पुढच्या आठ वर्षांची गाठ इथेच आहे.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ हे किताब दिले. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. स्त्रियांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाई धर्मशास्त्र वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की इतर बाबतींत मतभेद असले तरी बाईबद्दल या ग्रंथांचं एकमत आहे: बाईला बाई म्हणून मोक्ष नाही, पतीची सेवा आणि पुढच्या जन्मी पुरुष होण्याची आशा एवढीच तिची वाट. तो त्यांचा त्या काळचा निष्कर्ष होता, आणि स्वतः शास्त्र वाचू शकणाऱ्या बाईने तो काढला होता.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तिथे येणाऱ्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या उत्पत्तीच्या पुस्तकातला सृष्टीचा वृत्तान्त ऐकत. पतीला ते रुचलं नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. पदरात तान्ही मुलगी, आणि वयाची चोविशीही उलटलेली नव्हती.

फुलहॅममध्ये पाहिलेलं

पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली, मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे इंग्रजी आणि नवा करार वाचायला सुरुवात केली. नहेम्या गोरे, म्हणजे काशीत वाढलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री, यांच्याशी झालेल्या चर्चांनी आणि त्यांच्या पत्रांनी बऱ्याच शंका फिटल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वैद्यकीय शिक्षण घ्यायचा बेत होता. कमी होत चाललेल्या ऐकू येण्याने तो बेत मोडला. वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या भगिनींकडे राहत असताना सोबत आलेल्या मैत्रिणीने मनाचा तोल ढळून स्वतःचं आयुष्य संपवलं. या सगळ्याचा भार घेऊन त्या बाप्तिस्म्यापर्यंत आल्या, हे विसरून चालणार नाही.

निर्णायक ठरलं ते फुलहॅम. वाँटेजच्या भगिनी तिथे एक आश्रम चालवत. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत. रमाबाई काही दिवस तिथे राहिल्या आणि त्यांनी पाहिलं की या बायकांशी कोणी हिडीसफिडीस करत नाही. भगिनी त्यांच्याशी मायेने बोलतात. पूर्वी टाकलेल्या आणि आता सावरलेल्या बायका स्वतः आजाऱ्यांची सेवा करतात. त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्यासाठी एवढं का करता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी देवाच्या उपासनेबद्दल बोलणारा येशू.

शास्त्रांनी ज्या बाईला दार बंद केलं असं त्यांना वाटत होतं, ती बाई इथे विहिरीच्या काठावर देवाच्या पुत्राशी थेट बोलत होती. हा बायकांना वर उचलणारा तारणारा आहे, एवढं त्यांना पटलं, आणि पटल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मनाने आणि बुद्धीने टाकलेलं हे पाऊल खरं होतं. काही जण पुढच्या साक्षीच्या आधारे पहिला बाप्तिस्मा पोकळ ठरवतात. मला ते मान्य नाही. फुलहॅम नसतं तर पुढे केडगावही उभं राहिलं नसतं.

मधली आठ वर्षं

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. या काळातला वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते: पत्रांत प्रश्नच प्रश्न आहेत. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव असल्याचा सिद्धान्त, मंडळीचा अधिकार, धर्मगुरूंचं म्हणणं किती मानायचं. इतक्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली, आता दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरला. मुलग्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत.

मला या बाणेदारपणाचा अभिमान वाटतो. बाप्तिस्मा घेतला म्हणजे स्वतःचं डोकं दुसऱ्याच्या ताब्यात दिलं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

पण पत्रांतल्या या वादांच्या तळाशी शांती नव्हती. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात हललं. बालविधवांना शिक्षण, स्वतःच्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक, कोणावर ख्रिस्ती धर्म लादायचा नाही हे आश्वासन. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, नव्या जीवनाचं फळ म्हणतात ते आणखी काय असतं?

रमाबाईंना स्वतःला मात्र ते फळ वाटत नव्हतं. अनेक पंथांची मतं ऐकून त्यांचा गोंधळ उडाला होता. धर्म पटला होता, त्याची नीती आवडली होती, पण पापाचं ओझं उतरल्याचा अनुभव नव्हता. म्हणजे तीर्थयात्रेतली मुलगी अजून चालतच होती. व्रतांच्या जागी शाळा आली होती, श्लोकांच्या जागी वचनं.

दुसऱ्याचं प्रवचन, स्वतःचा धक्का

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन आलं. हा माणूस दीक्षा घेऊन, मंडळी सांभाळत असताना, स्वतःच प्रवचन देता देता बदलला होता. व्यासपीठावर उभा राहून इतरांना सांगत होता आणि सांगता सांगता त्याला उमगलं की हे आपल्याला स्वतःला अजून लागू झालेलंच नाही.

रमाबाई हादरल्या. धर्मगुरू असलेल्या माणसाला जर नव्याने जन्मावं लागतं, तर आपलं काय? त्या नव्या करारातली वचनं पुन्हा काढून बसल्या. निकदेम हा शास्त्री रात्री येशूकडे येतो आणि त्याला ऐकावं लागतं की पुन्हा जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही. विद्वान निकदेमाची ही गोष्ट एका पंडितेच्या किती जवळची असेल!

रोमकरांच्या पत्रातला तिसरा अध्याय सांगतो की सगळ्यांनी पाप केलं आहे आणि सगळे कृपेने फुकट नीतिमान ठरतात. फुकट, हा भाग रमाबाईंना सगळ्यांत अवघड गेला असावा असं मला वाटतं. ज्या मुलीचं अख्खं बालपण पुण्य जमवण्यात गेलं, जिच्या आईवडिलांनी होतं नव्हतं ते पुण्यासाठी खर्चलं आणि तरी अन्नावाचून मेले, तिला कोणी सांगतं की तुझी लायकी ठरेपर्यंत देव थांबला नव्हता. त्यांच्या साक्षीत नेमका हाच आनंद आहे: मी पात्र होईपर्यंत वाट न पाहता त्याने प्रीती केली. आणि गलतीकरांच्या पत्रातलं वचन, ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही, हेही आता निराळ्या तऱ्हेने कानी पडलं. फुलहॅममध्ये ते साऱ्या स्त्रीजातीसाठी होतं. आता ते रमा नावाच्या एका पापी बाईसाठी झालं.

आपण पापी आहोत, आपल्या हाताने हे सुटणार नाही, हे कबूल करून त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केलं. स्वर्गातून आवाज आला, प्रकाश दिसला असलं काही त्या सांगत नाहीत. खोल समाधान, आणि ते समाधान इतरांना सांगितल्याशिवाय न राहवणं, एवढंच. जे पाळक आजही नवा जन्म अश्रूंवर मोजतात त्यांनी हा भाग शांतपणे वाचावा.

बदल दिसला कशात?

पहिला परिणाम अडचणीचा झाला. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. मुलींना बोलावणं नव्हतं, पण काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी पसरली, वर्तमानपत्रांत टीका झाली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी लपूनछपून काही केलं नाही, आणि आपली प्रार्थना बंद करणं त्यांना शक्य नव्हतं. तरीही धर्माच्या बाबतीत विश्वास टाकून मुलगी पाठवणाऱ्या बापाच्या मनाला काय लागलं असेल, तेही समजून घेतलं पाहिजे. या प्रकरणात दोन्ही बाजूंना वेदना होती.

दुसरा परिणाम जास्त बोलका आहे. शारदा सदनातल्या पंधरा मुलींनी ख्रिस्ताला स्वीकारलं होतं. लोणावळ्याच्या शिबिरात एका पहाटे रमाबाई रानात एकट्या प्रार्थनेला बसल्या आणि पंधराचा वर्ग करून दे, म्हणजे दोनशे पंचवीस आत्मिक मुली दे, अशी मागणी केली. तेव्हा सदनात पन्नासच्या आसपास मुली होत्या. इतक्या मुलींना ठेवायला जागा नाही, पैसा नाही. जुन्या रमाबाईंनी आधी हिशेब केला असता.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भीषण होता. रमाबाई तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलींत त्यांना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची अवस्था दिसली, असं त्यांनी लिहिलं आहे. तीनशेच्या घरात मुली त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेगमुळे ठेवू देईनात, म्हणून केडगावला आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर झोपड्या आणि तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या घरात गेली. माग, शिवण, तेलघाणा, छापखाना, शेती, दूधदुभतं. अंधांसाठी ब्रेल शिकवणारं बर्तिमी सदन.

आणि कृपा सदन. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला जे डोळ्यांनी पाहिलं ते पुणे जिल्ह्यातल्या माळावर उभं राहिलं. नावातही कृपाच आहे.

मुक्तीतल्या मुली आणि १९०५

इथे या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक प्रश्न येतो. या मुली भुकेपोटी आल्या. जिथे अन्न मिळालं तिथला धर्म त्यांनी घेतला, तर त्या श्रद्धेला मोकळी निवड म्हणायचं का? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

पण बाप्तिस्मा आणि नवं जीवन यांत किती अंतर पडू शकतं, हे रमाबाईंइतकं कोणाला माहीत होतं? मुक्तीतल्या कितीतरी मुलींचा बाप्तिस्मा झालेला होता. पण तेवढ्यावर रमाबाई समाधान मानून बसल्या नाहीत. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना सांगितलं की साऱ्या ख्रिस्ती लोकांवर, आपल्यावरही, पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून रोज एकत्र प्रार्थना करायची आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला आणि दिवसातून दोनदा बैठक होऊ लागली. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे तिथल्या मंडळ्यांत श्रद्धा नव्याने जागी झाल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या.

जूनच्या शेवटी जे झालं त्याची वर्णनं नाट्यमय आहेत: रात्री जाग आलेली मुलगी, अंगात आग पेटल्याची भावना, दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असताना सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना सुरू करणं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पापांची कबुली. मुली एकमेकींकडे जाऊन क्षमा मागू लागल्या. लहानसहान खोटेपणा, मनातला आकस, जे कोणाला कळलंही नसतं ते उघड सांगू लागल्या. काही काळ वर्ग बंद ठेवावे लागले. रमाबाईंना १८९१ मध्ये एकटीला जे उमगलं, ते इथे शेकडो मुलींना एकमेकींच्या समोर उमगत होतं.

बाहेरच्या काही ख्रिस्ती लोकांना हा गलबला खटकला. रडणं, टाळ्या, सगळ्यांनी एकदम बोलणं. उपासना कशी शिस्तीत हवी. रमाबाईंनी अगोदर स्वतःही विचार केला, आणि मग ठरवलं की यात हात घालायचा नाही. भारतातल्या मुलींना देव त्यांच्या स्वभावाप्रमाणे भेटत असेल तर त्यांच्यावर पाश्चात्त्य मंडळीची चौकट का लादायची, अशी त्यांची भूमिका होती. लॅटिन अक्षरांचा क्रूस नाकारणारी चेल्टनहॅमची विद्यार्थिनी इथे शेकडो मुलींची आई झाली होती, आणि जी मोकळीक तिने स्वतःसाठी भांडून घेतली ती या मुलींना न भांडता मिळाली. त्यानंतर मुलींच्या टोळ्या आळीपाळीने आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या, आणि रमाबाई इब्री व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या. त्याचे छपाईचे खिळे केडगावच्या छापखान्यात याच मुली जुळवत होत्या.